आकड्यामागची अट : महागड्या ध्वनिक्षेपकांचे दावे आणि श्रोत्याचा विवेक

महागड्या ध्वनिक्षेपकांच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्यांना स्पीकर म्हटले जाते त्या उपकरणांच्या, जाहिरातींतून केले जाणारे दावे कोणत्या कसोट्यांवर तपासावेत, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय मूठभर हौशी मंडळींचा आहे, असा समज होण्याची शक्यता असली, तरी वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात तो फार मोठ्या वर्गाशी निगडित आहे. नव्या घराच्या हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला जाणारा साउंडबार, चर्चमधील उपासनेसाठी आणि देवळातील कीर्तनासाठी बसवलेली ध्वनियंत्रणा, लग्नाच्या मैदानावर भाड्याने येणारे डीजेचे बॉक्स आणि उत्सव मंडळाने वर्गणीतून घेतलेला संच, या सर्वांची निवड बहुतांशी खोक्यावर छापलेल्या आकड्यांच्या आणि विक्रेत्याच्या शब्दाच्या भरवशावर होते. व्याख्यानाचे प्रतिपादन दोन विधानांत मांडता येते : ज्या आकड्यासोबत मोजणीची अट सांगितलेली नाही, त्या आकड्याला माहिती म्हणता येत नाही, आणि जो फरक डोळ्यांना काही दिसत नसताना कानांना ओळखता येत नाही, तो ध्वनीचा गुण म्हणून विकला जाऊ नये.

ध्वनिक्षेपकाचे काम आणि त्याच्या मर्यादा

दाव्यांकडे वळण्यापूर्वी उपकरणाचे काम समजून घेणे आवश्यक आहे. आज बाजारात दिसणाऱ्या बहुसंख्य ध्वनिक्षेपकांची मूळ रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते, त्यातून संगीताचा विद्युतप्रवाह वाहू लागला की ते पुढे-मागे हलते, त्याला जोडलेला कागदाचा वा प्लास्टिकचा शंकू हवेला ढकलतो, आणि हवेतील ती हालचाल कानाला ध्वनी म्हणून जाणवते. या रूपांतरात फार थोडी ऊर्जा ध्वनीच्या वाट्याला येते. घरगुती ध्वनिक्षेपकात साधारणपणे शंभरातील एखादा हिस्सा, अनेकदा त्याहूनही कमी, ध्वनी बनतो आणि उरलेली ऊर्जा वेटोळ्यात उष्णता म्हणून खर्ची पडते.

शंकू ज्या पेटीत बसवला जातो, त्या पेटीचे आकारमान आणि खर्जाचे स्वर यांचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते पूर्णत्वास नेले. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत; त्यांपैकी दोन निवडल्या की तिसरीवर पाणी सोडावे लागते. त्याचप्रमाणे, तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. त्यामुळे वितीएवढ्या पेटीतून नाट्यगृहाला हादरवणारा खर्ज निघतो, असा दावा जेथे केला जातो, तेथे पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाच्या नियमांनी विचारलेला असतो. श्रोत्याने तो फक्त मोठ्याने उच्चारायचा असतो.

वॉटचा आकडा

सर्वांत जास्त गैरसमज वीजशक्तीच्या आकड्याभोवती आहे. १९९०च्या दशकात भारतीय घरांत आलेल्या टू-इन-वन आणि म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ' या आद्याक्षरांपुढे हजारो वॉटचे आकडे छापलेले असत. पीएमपीओ म्हणजे संगीतातील कमाल क्षणिक शक्ती असे सांगितले जाई. मात्र तो क्षण किती लहान धरायचा, तेव्हा आवाज किती फाटलेला चालेल, किती ध्वनिक्षेपकांची बेरीज करायची, याविषयी सर्वमान्य प्रमाण कधीच ठरलेले नव्हते. अखंड स्वरावर सतत देता येणाऱ्या सरासरी शक्तीला बाजारात 'आरएमएस वॉट' म्हणतात, आणि शुद्ध स्वराच्या बाबतीत क्षणिक कमाल शक्ती या सरासरीच्या दुप्पट असते. त्यापलीकडचा प्रत्येक गुणाकार जाहिरातदाराने आपल्या सोयीने केलेला असतो. याची पडताळणी कोणालाही घरच्या घरी करता येते : यंत्राच्या मागील पट्टीवर ते विजेच्या बोर्डातून किती वॉट घेते हे लिहिलेले असते, आणि जे यंत्र ३० वॉट घेते ते सतत ३००० वॉट देऊ शकत नाही. अमेरिकेत या गोंधळावर उपाय म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ध्वनिवर्धकांसाठी, म्हणजे ॲम्प्लिफायरसाठी, नियम केला आणि शक्तीचा आकडा ठरावीक अटींवर मोजूनच सांगण्याचे बंधन घातले.

आकडा खरा असला, तरी त्याचा उपयोग किती, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'संवेदनशीलता' या संज्ञेत दडलेले आहे. ध्वनिक्षेपकाला एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे संवेदनशीलता सांगते. डेसिबल हे लघुगणकी माप आहे. म्हणजे आवाज ३ डेसिबलने वाढवायला शक्ती दुप्पट लागते आणि १० डेसिबलने वाढवायला दहापट, तर कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो तो साधारण १० डेसिबलच्या वाढीने. संवेदनशीलता ८७ डेसिबल असलेल्या घरगुती संचातून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत एका वॉटमध्येच ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो, आणि तो निवांत ऐकण्यासाठी पुरेसा मोठा असतो. संगीतातील क्षणिक उसळ्यांसाठी दहा-वीसपट शक्ती हाताशी असावी लागते हे मान्य केले, तरी विरारच्या घरात हजार वॉटच्या आकड्याला काही काम उरत नाही. शंभर वॉटऐवजी दोनशे वॉटचा संच घेणाऱ्याला मिळते ती केवळ ३ डेसिबलची वाढ.

येथे वसईच्याच बाजाराची तुलना उपयोगी पडते. केळी आणि पालेभाजी विकणाऱ्या बाईच्या तराजूची आणि वजनांची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते आणि त्यांवर शिक्का असावा लागतो. काही रुपयांच्या भाजीसाठी समाजाने ही व्यवस्था उभी केली आणि ती योग्यच आहे. लाखो रुपयांच्या ध्वनिक्षेपकावरील वॉटचा आकडा मात्र ग्राहकापर्यंत बहुधा कोणत्याही शिक्क्याशिवाय पोहोचतो, जरी ध्वनिक्षेपकांची मोजणी कशी करावी हे सांगणारे आयईसी ६०२६८-५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण उपलब्ध आहे.

वीस ते वीस हजार

दुसरा नेहमीचा दावा वारंवारतेविषयी असतो. वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. तिचे एकक हर्ट्झ. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यात ऐकतो आणि वय वाढत जाते तशी वरची मर्यादा खाली सरकते. '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढेच छापलेल्या पुस्तिकेतून काहीही कळत नाही, कारण टोकाच्या स्वरांना आवाज किती घटतो हे तिने सांगितलेले नसते. '४५ ते २०,००० हर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल' असे लिहिणारा निर्माता लहान आकडा सांगूनही अधिक प्रामाणिक ठरतो, कारण त्याने आकड्याबरोबर अटही दिलेली असते.

श्रोत्याने आपण काय ऐकतो याचाही हिशेब मांडावा. 'काळी एक'मध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते. ख्याल, नाट्यसंगीत आणि भजन ऐकणाऱ्या घराची खालची गरज मुख्यत्वे या प्रदेशात आहे. २० हर्ट्झसाठी मोजलेली मोठी रक्कम अशा घरात क्वचितच ऐकू येते. उलट तानपुरा आणि तबला ही वाद्ये ध्वनिक्षेपकाची कसून परीक्षा घेतात. चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की तबला-मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, सुरेल गुणोत्तरांत बसतात आणि तानपुऱ्याच्या पसरट घोडीमुळे, म्हणजे जवारीमुळे, तारेच्या ध्वनीत नेहमीच्या नियमांनुसार अपेक्षित नसलेले उपस्वरही उमटतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांतील उपस्वरांची वीण ज्याच्या कानात मुरली आहे, त्याला मधल्या पट्ट्यातील दोष दुकानातील चकचकीत ध्वनिमुद्रणांपेक्षा तानपुऱ्याच्या साध्या मुद्रणातून लवकर उमगतात.

वरच्या टोकाला दावा कानाच्या पलीकडे जातो. जपान ऑडिओ सोसायटीचे 'हाय-रेस' चिन्ह मिळवण्यासाठी ध्वनिक्षेपकाची मजल ४०,००० हर्ट्झपर्यंत असावी लागते. हा स्वर कोणत्याही माणसाला ऐकू येत नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते आणि सिद्धांतानुसार त्याच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता, म्हणजे कानाची संपूर्ण मजल, सामावून घेते. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक क्षमतेच्या मुद्रणाच्या वाटेत मध्येच सीडीच्या मर्यादेचा टप्पा घातला आणि ५५४ चाचण्यांत श्रोत्यांना तो ओळखण्यास सांगितले. त्यांची अचूकता नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाही.

सीडीचा १६ बिटांचा साठा सुमारे ९६ डेसिबलची चढ-उतार सामावतो आणि २४ बिटांचा सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १४४ डेसिबलची. पंखा चालू असलेल्या, खाली रस्ता असलेल्या घरात पार्श्वभूमीचा गोंगाटच ४० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर ९६ डेसिबल रचले तरी आकडा कानाला वेदना होण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. मुद्रण करणाऱ्या स्टुडिओला २४ बिटांचा उपयोग आहे, कारण तेथे ध्वनीवर पुढील संस्कार व्हायचे असतात. घरात ऐकणाऱ्याला तोच गुण श्रवणसुख म्हणून विकणे ही दिशाभूल आहे.

खोली : न विकला जाणारा घटक

जाहिरातीत ज्याचा उल्लेख जवळजवळ नसतो, तो घटक म्हणजे खोली. नालासोपारा किंवा विरार येथील इमारतीतला दहा फूट बाय बारा फुटांचा हॉल विचारात घ्यावा. ६९ हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे पाच मीटर, म्हणजे त्या खोलीहून अधिक असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो स्वर खोलीत साठून राहतो आणि फुगतो. यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात. बारा फुटांच्या बाजूत हा स्वर सुमारे ४७ हर्ट्झला येतो आणि दहा फुटांच्या बाजूत सुमारे ५६ हर्ट्झला. छताची उंचीही जवळपास दहा फूट असेल, तर दोन अनुनाद एकमेकांवर पडतात. अशा खोलीत डग्ग्याचा आणि बास गिटारचा काही भाग नको तितका घुमतो, तर चार फूट पलीकडे बसलेल्याला तोच भाग जवळजवळ ऐकू येत नाही. ध्वनिक्षेपक दुप्पट किमतीचा आणल्याने भिंतींमधले अंतर बदलत नाही. तो कोपऱ्यातून बाहेर काढल्याने किंवा बसण्याची जागा मागच्या भिंतीपासून पुढे घेतल्याने मात्र पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

वरच्या स्वरांची अडचण निनादाची, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो खोलीत रेंगाळत राहण्याची असते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून निनादकाळाचे सूत्र मिळाले : खोलीचे घनफळ जितके अधिक तितका निनाद लांबतो आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखडतो. वर सांगितलेली खोली रिकामी, टाइल्सची आणि सिमेंटच्या गिलाव्याची असेल, तर सूत्राने निनादकाळ ३ सेकंदांच्या घरात जातो. गादी, पडदे, कपड्यांचे कपाट आणि माणसे यांमुळे तो पाऊण सेकंदाच्या आत येतो. जाड पडदा आणि सतरंजी हे या अर्थाने ध्वनिक्षेपकाच्या संचाचेच भाग आहेत. सार्वजनिक वास्तूंच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे ठरते. उंच छताच्या चर्चमध्ये किंवा सभागृहात प्रवचनाचे शब्द कळत नाहीत, तेव्हा समिती बहुधा अधिक वॉटची यंत्रणा आणते आणि रेंगाळणारा आवाज आणखी मोठा करून ठेवते; खरा उपाय मात्र निनाद कमी करणे आणि ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या दिशेने, त्यांच्या जवळ आणणे हा असतो.

किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेचाही विचार व्हायला हवा. शंकूच्या कडेला बसवलेली फोमची कडा आर्द्रतेने काही वर्षांत विरघळल्यासारखी होऊन तुटते, तर रबराची कडा बहुधा कितीतरी अधिक काळ टिकते. वसईच्या ग्राहकाला उपयोगी पडणारी ही माहिती देखण्या पुस्तिकांमध्ये क्वचितच आढळते.

तार आणि 'मुरण्याचा काळ'

ध्वनिक्षेपकाभोवती उपसाहित्याचा मोठा बाजार उभा राहिला आहे आणि त्यात तार अग्रस्थानी आहे. तारेचा परिणाम शाळेतील विज्ञानाच्या आधारे काढता येतो. ध्वनिवर्धकापासून पाच मीटर दूर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाला जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार लागते, ती २.५ चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. ध्वनिक्षेपकाचा संरोध, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकंदर अडथळा, ८ ओहम धरला, तर तारेमुळे होणारी घट एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी येते. अशी तार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा वसईतील कोणत्याही विद्युत साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. तिच्याऐवजी लाखभर रुपयांची तार घेतल्याने 'पडदा दूर झाला' असा अनुभव येतो असे जो सांगतो, त्याने तो अनुभव तार न पाहता येतो काय, हे दाखवले पाहिजे.

ध्वनिक्षेपक 'मुरायला' शेकडो तास लागतात, हा दावाही तपासण्यासारखा आहे. शंकूची नवी कडा सुरुवातीच्या वापरात थोडी सैल होते, एवढे सत्य त्यामागे आहे, परंतु तो बदल लहान असतो आणि लवकर पूर्ण होतो. पुढच्या आठवड्यांत जे मुरत जाते ते प्रामुख्याने श्रोत्याचे कान, कारण मेंदू नव्या आवाजाला सरावतो. या सल्ल्याचा व्यवहारातील परिणाम असा, की असमाधानी ग्राहक वाट पाहत राहतो आणि वस्तू परत करण्याची मुदत संपून जाते.

पडद्याआडची चाचणी

वरील विवेचनावर नेहमीचा प्रतिवाद असा असतो, की आकडे काहीही सांगोत, कानांना फरक कळतो. हा प्रतिवाद गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण संगीत अखेर कानांसाठीच आहे. मात्र कानांची साक्ष घेतानाही अटी पाळाव्या लागतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हारमन या ध्वनिक्षेपक बनवणाऱ्याच कंपनीत काम करताना १९९४ साली एक प्रयोग मांडला. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांनी चार ध्वनिक्षेपक आधी पडद्याआड आणि नंतर डोळ्यांदेखत ऐकले. संच दिसू लागताच गुण बदलले; मोठ्या आणि देखण्या संचांना गुण वाढवून मिळाले, तर लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. खोलीतील जागा बदलल्याने खरोखर होणारा फरकही संच दिसत असताना श्रोत्यांना कमी जाणवला. या श्रोत्यांनी खोटे सांगितले नव्हते. डोळ्यांनी जे पाहिले ते मेंदूने ऐकण्यात मिसळले, आणि प्रत्येक माणसाच्या बाबतीत असेच घडते. म्हणूनच पडदा हा श्रोत्यावरचा अविश्वास ठरत नाही, तो त्याच्या कानांना मिळालेला न्याय आहे.

चाचणीची दुसरी अट समान आवाजाची आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार आवाज वाढला की कानाला खर्ज तुलनेने अधिक भरदार वाटू लागतो. त्यामुळे दोन संचांपैकी किंचित मोठ्याने वाजणारा संच बहुधा 'अधिक जिवंत' भासतो. दुकानातील प्रात्यक्षिकात आवाज मोजून समान केलेला नसेल, तर त्यातून निघणारा निष्कर्ष ध्वनिक्षेपकाचा नसून आवाजाच्या बटणाचा असतो. तिसरी अट पुनरावृत्तीची आहे. दहा वेळा विचारले असता नुसत्या अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते, परंतु आठ किंवा अधिक येण्याची शक्यता साडेपाच टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी नसते. एकदा ऐकून 'फरक जाणवला' असे म्हणणे म्हणूनच पुराव्यास अपुरे पडते.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी चमत्काराचा दावा करणाऱ्याला नेमक्या अटींवर तो सिद्ध करण्याचे आव्हान दिले. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यावा, हे तत्त्व त्यामागे होते. बाबा-बुवांना विचारलेला प्रश्न बाजारपेठेलाही त्याच निर्भयतेने विचारला गेला पाहिजे, कारण यंत्राला भक्ती चिकटली की तीही विचारशक्तीला तितकीच बधिर करते.

आक्षेप आणि त्यांचे मूल्य

या भूमिकेवर घेतल्या जाणाऱ्या काही आक्षेपांत तथ्य आहे आणि ते नोंदवणे संशयवादाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. एखाद्या चाचणीत फरक ओळखता आला नाही, म्हणजे तो अस्तित्वातच नाही असे सिद्ध होत नाही. त्या श्रोत्यांना, त्या परिस्थितीत तो आढळला नाही, एवढेच म्हणता येते. शिवाय, सर्वच महाग ध्वनिक्षेपक फसवे नसतात. भक्कम, न थरथरणारी पेटी, मोठ्या आवाजातही विकृती न येणारा शंकू आणि सर्व दिशांना सारखा पसरणारा ध्वनी यांना खरोखर खर्च येतो, आणि तो फरक पडद्याआडही कळतो. तारांपेक्षा ध्वनिक्षेपकांमधला फरक कितीतरी मोठा असतो.

मोजमापाने श्रवणाचा आनंद पकडता येत नाही, या आक्षेपाला मात्र पुराव्यानिशी उत्तर देता येते. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० ध्वनिक्षेपकांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पडद्याआडची पसंती वर्तवणारे गणिती प्रारूप मांडले आणि अंदाज व पसंती यांतील सहसंबंध ०.८६ इतका आला. १ हा पूर्ण जुळणीचा आकडा आहे. त्यापूर्वी २००३ मध्ये २६८ श्रोत्यांवरील अभ्यासात प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित कानांची पसंती सारख्याच ध्वनिक्षेपकांकडे झुकलेली आढळली. 'हे कळायला कान तयार लागतात' असे सांगून सामान्य ग्राहकाला गप्प बसवण्याची जी पद्धत आहे, तिचा आधारच या अभ्यासाने काढून घेतला आहे.

संगीताचे सुख यंत्राच्या किमतीबरोबर वाढत जात नाही, याची साक्ष ७८ आरपीएमच्या तबकड्या देतात. मिरजेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या अब्दुल करीम खाँ यांचे गायन या तबकड्यांच्या तीन-चार मिनिटांत आणि आजच्या मोजमापाने अगदी अरुंद पट्ट्यात बंदिस्त आहे; तरीही श्रोत्यांच्या पिढ्या त्यात रंगल्या, आणि १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने अशा तबकड्यांच्या जतनासाठी आणि अभ्यासासाठी काम केले. सुंदर वस्तू बाळगण्याचा आनंदही खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये; आक्षेप आहे तो त्या आनंदाची किंमत ध्वनीच्या नावाखाली वसूल करण्यावर.

कायदा आणि सार्वजनिक हित

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करण्यात आली आहे, आणि २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. जून २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार वस्तुनिष्ठ दाव्यांना पुरावा असावा लागतो, बारीक अक्षरातील खुलासा मुख्य दाव्याला छेद देणारा असू शकत नाही, आणि शिफारस करणाऱ्याने निर्मात्याशी असलेले आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू शकतो, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क पडत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने संघटित ग्राहकाची ताकद दाखवून दिली आहे. विद्युत उपकरणांवरील तांत्रिक दाव्यांची तपासणी हा त्या चळवळीचा पुढचा टप्पा व्हायला हवा.

फुगवलेल्या आकड्याची किंमत केवळ खरेदीदार मोजत नाही. ज्या मंडळाला अधिक वॉट म्हणजे अधिक प्रतिष्ठा असे शिकवले गेले, ते त्या वॉटचा वापरही करते. संवेदनशीलता ९८ डेसिबल असलेल्या व्यावसायिक बॉक्सला हजार वॉट दिले, तर एक मीटरवर आवाज १२८ डेसिबल होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो, या हिशेबाने सोळा मीटरवरच्या गॅलरीत तो १०४ डेसिबल उरतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मधील निकालात या नियमांच्या कडक अंमलबजावणीचे आदेश दिले. एका बाजूला कायद्याने मर्यादा आखायची आणि दुसऱ्या बाजूला बाजाराने तिचे उल्लंघन गुण म्हणून विकायचे, ही विसंगती आजारी, वृद्ध आणि तान्ह्या मुलांच्या कानांवर येऊन पडते.

पुढील वाट

या विवेचनातून काही ठोस अपेक्षा निष्पन्न होतात. निर्मात्याने शक्ती, संवेदनशीलता आणि वारंवारतेचा पट्टा हे तिन्ही आकडे मोजणीच्या अटींसह खोक्यावर छापावेत. विक्रेत्याने समान आवाजात आणि शक्य तेथे पडद्याआड प्रात्यक्षिक द्यावे. चर्च, देवस्थान, मंडळ आणि गृहनिर्माण संस्था यांच्या समित्यांनी यंत्रणा घेण्यापूर्वी वास्तूचा निनादकाळ मोजून घ्यावा आणि निविदेत वॉटऐवजी 'शेवटच्या रांगेत शब्द स्पष्ट ऐकू यावेत' ही अट घालावी. श्रोत्याने आपल्या ओळखीचे तानपुऱ्याचे, तबल्याचे आणि मानवी आवाजाचे मुद्रण बरोबर न्यावे, आधी खोली सुधारावी, मग ध्वनिक्षेपक घ्यावा आणि तारेवर सर्वांत शेवटी, सर्वांत कमी खर्च करावा.

वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांकडे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत आणि शहराकडे व्याख्यानमाला ऐकणारा जाणता श्रोतृवर्ग आहे. ध्वनिमापक, एक पडदा आणि नाणेफेकीने ठरवलेला क्रम एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांना बाजारातील संचांची जाहीर चाचणी घेता येईल आणि तिचे निकाल सण-उत्सवांच्या खरेदीपूर्वी ग्रंथालयांतून प्रसिद्ध करता येतील. अशा चाचणीला जो निर्माता आपला संच स्वेच्छेने देईल, त्याचा दावा अधिक आदराने ऐकला जावा; आणि जो तपासणी टाळेल, त्याच्या आकड्यांवर घामाचा पैसा लावण्याचे बंधन कोणत्याही ग्राहकावर नाही.